लॅप स्टीलवर लिव्हर सोडल्यावर तार मूळ स्वरावर का परतत नाही?

लॅप स्टील गिटारवर (मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायच्या गिटारवर) ट्यूनिंग झटपट बदलण्यासाठी लिव्हर बसवून घेतलेल्या वादकांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. लिव्हर दाबली की स्वर बरोबर चढतो, सोडली की तार खालीही येते, पण जिथून निघाली होती तिथे ती नेमकी येत नाही. कधी सहा-सात सेंट खाली राहते, तर कधी तितकीच वर अडकते. (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट.) वादक खुंटी पिळून ती जुळवतो. पुढच्या खेपेला लिव्हर दाबल्यावर वरचा स्वर बिघडलेला निघतो, म्हणून तो लिव्हरचा स्क्रू फिरवतो, आणि थोड्या वेळाने दोन्ही स्वर चुकलेले असतात.

हा दोष बहुतेक वेळा खुंटीत नसतो आणि लिव्हरच्या स्क्रूतही नसतो. तार आपल्या वाटेवर कुठेतरी घासून अडकलेली असते, आणि ती नेमकी कुठे अडकली आहे हे ती वर राहिली की खाली राहिली, यावरून ओळखता येते. त्यामुळे दोष सापडेपर्यंत खुंटीला हात लावू नये, हा या कामातला पहिला नियम मानावा. खुंटी फिरवली की तारेचे दोन्ही भाग पुन्हा ताणले जातात आणि अडकलेल्या जागेची खूण तिथेच पुसली जाते.

बोलण्याच्या सोयीसाठी एक वाद्य समोर ठेवू. सहा तारांचे, २२.५ इंच लांबीच्या तारांचे लॅप स्टील आहे आणि त्याचे ट्यूनिंग ओपन डी आहे, म्हणजे जाड तारेकडून बारीक तारेकडे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. डी हा षड्ज धरला तर हे सा, प, सा, ग, प, सा होतात. (तारा बारीक तारेपासून मोजायच्या, म्हणजे पहिली तार सर्वांत बारीक.) या वाद्याच्या ब्रिजपाशी, म्हणजे खुंट्यांच्या विरुद्ध टोकाला तारा जिथे टेकतात तिथे, दोन लिव्हर आहेत. एक तिसऱ्या तारेवरचा एफ शार्प अर्धा स्वर चढवून जी करते आणि दुसरी दुसऱ्या तारेवरचा ए एक पूर्ण स्वर चढवून बी करते. दोन्ही एकदम दाबल्या की वरच्या चार तारांवर सा, म, ध, सा मिळतो, म्हणजे बार जागचा न हलवता डी मेजरवरून जी मेजरवर जाता येते. पाचव्या तारेवरचा ए मात्र तसाच राहतो, त्यामुळे लिव्हर दाबलेली असताना ती तार टाळावी लागते. हा बदल फार वापरला जातो आणि तक्रारीही सर्वांत जास्त याच जोडीबद्दल येतात, कारण यातल्या दोन्ही तारा कॉर्डच्या मध्यभागी आहेत आणि त्यांतली चूक कानाला लगेच खटकते.

यंत्रणा कुठल्या टोकाला आहे, हे आधी पाहावे

हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू याच्या हातून हे वादन रूढ झाले तेव्हापासून वादकापुढची अडचण एकच आहे: सरळ धरलेल्या बारखाली ट्यूनिंगमध्ये असतील तेवढीच स्वरांतरे मिळतात. मेजर ट्यूनिंगमध्ये मायनर कॉर्ड हवी असेल तर बार तिरका धरावा लागतो, तार सोडून द्यावी लागते किंवा ट्यूनिंगच बदलावे लागते. १९५० च्या दशकात फेंडरचे स्ट्रिंगमास्टर दोन, तीन, चार गळ्यांचे (तारांचा स्वतंत्र संच असलेल्या दांड्यांचे) मिळत होते ते याच कारणाने. प्रत्येक गळ्यावर वेगळे ट्यूनिंग असे. दुसरीकडे गिब्सनने १९४० च्या सुमारास इलेक्ट्राहार्पमध्ये पेडल आणले होते. सुरुवातीला पेडलचा उपयोग मुख्यतः एका ट्यूनिंगवरून दुसऱ्यावर जाण्यापुरता होता. १९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या ध्वनिमुद्रणात बड आयझॅक्सने स्वर वाजत असतानाच पेडल दाबले आणि तारेचे चढणे हेच संगीत झाले. आपल्या तक्रारीशी या गोष्टीचा थेट संबंध आहे. दोन गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग बदलायचे असेल तर चार सेंटांची चूक खुंटीवर सावरता येते. एकाच स्वरातून दुसरा स्वर काढायचा असेल तर निघण्याचे आणि पोचण्याचे अशी दोन्ही टोके श्रोत्याला ऐकू येतात आणि सावरायला वेळच मिळत नाही.

आज मिळणाऱ्या साधनांचे, दोष शोधण्याच्या दृष्टीने, दोन गट पडतात. पहिल्या गटात यंत्रणा ब्रिजच्या टोकाला असते. तळहाताने दाबायच्या लिव्हर, ड्युसेनबर्गचा मल्टिबेंडर, आणि प्रत्येक तारेला तीन जागा देणारा हिपशॉटचा ट्रिलॉजी ब्रिज हे या गटातले. पायातल्या पेडलने तारा चढवणाऱ्या पेडल स्टीलची यंत्रणाही तत्त्वतः इथेच येते. दुसऱ्या गटात यंत्रणा खुंटीच्या टोकाला असते. बॅन्जोसाठी बिल कीथ आणि डॅन बम्प यांनी १९६० च्या दशकात तयार केलेली, वरचा आणि खालचा असे दोन थांबे असलेली कीथ खुंटी, किंवा बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेसाठी प्रसिद्ध झालेला हिपशॉटचा एक्स्टेंडर ही त्याची उदाहरणे. दोन्ही गटांत तार अडकण्याच्या जागा त्याच आहेत, पण लक्षणे उलट दिसतात. एका गटासाठी सांगितलेला उपाय दुसऱ्यावर करून पाहिल्याने बराच गोंधळ होतो, म्हणून आपली यंत्रणा कुठल्या टोकाची आहे हे ठरवूनच पुढे जावे.

तार प्रत्यक्षात किती हलते

दोष इतका चिवट का वाटतो, ते थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. आपल्या वाद्यावर दुसरी तार ०.०२० इंच जाडीची साधी पोलादी तार असेल, तर ए स्वराला तिच्यावर साधारण १० किलोंचा ताण असतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एक पूर्ण स्वर चढवण्यासाठी ताण सुमारे २६ टक्क्यांनी, म्हणजे अडीच किलोंहून थोडा अधिक वाढवावा लागतो. अर्ध्या स्वरासाठी ही वाढ सुमारे १२ टक्के असते. पण एवढा ताण वाढवायला ती तार लांबीने किती ताणावी लागते? पोलादाची लवचिकता धरून हिशेब केला तर उत्तर येते सुमारे ०.४ मिलिमीटर. दोनशे सेंटांचा सगळा प्रवास एवढ्या अंतरात होतो. म्हणजे तार परतताना एक शतांश मिलिमीटर जरी मागे राहिली तरी स्वर पाच सेंटांनी चुकतो.

हा आकडा मनात पक्का बसला की पुष्कळ गोष्टी आपोआप समजतात. नटच्या (खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेतला नुसत्या डोळ्यांना न दिसणारा खडबडीतपणा, लिव्हरच्या आसात जरासा असलेला ढिलेपणा, थांब्याच्या स्क्रूखाली जमलेला धुळीचा कण, यांतले काहीही एवढी चूक करायला पुरेसे असते. ही यंत्रणा शुद्ध असावी अशी अपेक्षा धरणे म्हणजे शतांश मिलिमीटरच्या कामाची अपेक्षा धरणे होय, आणि देखभालही त्याच दर्जाची हवी.

दिशेवरून जागा ओळखणे

चाचणीआधी तारा किमान एक दिवस ताणलेल्या असाव्यात. ट्यूनर जोडून दुसरी तार मध्यम जोराने छेडावी आणि आकडा लगेच न वाचता साधारण एक सेकंदाने वाचावा, कारण छेडल्याक्षणी तार किंचित चढी बोलते. मूळ आकडा लिहून ठेवावा. मग लिव्हर पूर्ण दाबावी, हळू सोडावी आणि तितक्याच जोराने तार छेडून पुन्हा वाचावे. हे चार-पाच वेळा करावे. चूक प्रत्येक वेळी एकाच दिशेला येत असेल तर पुढची चाचणी उपयोगी पडेल. कधी वर कधी खाली अशी येत असेल तर कुठला तरी भाग ढिला आहे असे समजून आधी सगळे स्क्रू तपासावेत.

यंत्रणा ब्रिजच्या टोकाला असताना काय घडते ते पाहू. लिव्हर तारेला ब्रिजपलीकडे ओढते. त्या ओढीने नट आणि खुंटी यांच्यामधल्या तुकड्यातली थोडी तार नटच्या खाचेतून सरकून वाजणाऱ्या भागात येते. लिव्हर सोडली की तेवढी तार परत मागे सरकायला हवी. खाच तिला धरून ठेवत असेल तर वाजणाऱ्या भागात तार जास्त उरते, तिचा ताण कमी राहतो आणि स्वर खाली पडतो. ब्रिजवर याच्या उलट होते. तिथे सोडल्यावर तार सॅडलवरून (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यावरून) वाजणाऱ्या भागाकडे परत यायची असते. सॅडलने धरून ठेवली तर वाजणाऱ्या भागात तार कमी उरते आणि स्वर चढा राहतो. थोडक्यात, ब्रिजच्या टोकाच्या यंत्रणेत परतीचा स्वर खाली राहिला तर नट पाहावा, वर राहिला तर ब्रिज पाहावा.

खात्री करून घेणे सोपे आहे. स्वर खाली राहिला असेल तर नट आणि खुंटी यांच्यामधला तारेचा तुकडा बोटाने हलकेच दाबून सोडावा आणि पुन्हा वाचावे. आकडा चढून मूळ जागी आला, तर नटची खाच दोषी ठरली. स्वर वर राहिला असेल तर आधी लिव्हर बोटाने तिच्या विश्रांतीच्या जागेकडे ढकलून पाहावी. तेवढ्याने स्वर उतरला तर तार अडकलेली नसून लिव्हरच पूर्ण परतलेली नाही. तो विषय पुढे आहे. लिव्हर ढकलून फरक पडला नाही, तर वाजणारी तार मध्यावर चिमटीत धरून किंचित वर उचलावी व सोडावी. आता स्वर उतरून जागेवर बसला तर तार सॅडलवर घासते आहे. काही रचनांमध्ये तारेचे टोक ज्या गोलाकार तुकड्यात अडकवलेले असते तोच तुकडा फिरतो आणि तोच ब्रिजचेही काम करतो. पेडल स्टीलमध्ये असेच असते. तिथे तार सॅडलवरून सरकतच नाही, त्यामुळे चढा परतीचा स्वर आला तर केवळ आस, स्प्रिंग आणि थांबा एवढेच तपासावे.

खुंटीच्या टोकाच्या यंत्रणेत नट हा एकटाच मुख्य अडथळा असतो, आणि तिथे वाजणारा भाग नेहमी मागे राहतो. तार उतरवून परत चढवली तर ती पुरेशी चढत नाही आणि खाली राहते. चढवून परत उतरवली तर पुरेशी उतरत नाही आणि वर राहते. म्हणजे चूक शेवटच्या हालचालीच्या दिशेवर अवलंबून असते. कीथ खुंटी वापरणाऱ्याला एकच स्वर खालून आल्यावर वेगळा आणि वरून आल्यावर वेगळा ऐकू येत असेल, तर थांब्याच्या स्क्रूंना हात लावण्यापूर्वी नट साफ करावा.

कान देऊन ऐकणे हाही तपासणीचा भाग आहे. अँप्लिफायर बंद ठेवून, कान नटपाशी नेऊन लिव्हर अगदी सावकाश दाबावी. खाचेत अडकणारी तार एकसारखी चढत नाही. ती थांबते आणि मग ‘टिक्’ असा बारीक आवाज करून एकदम पुढे सरकते. गुंडाळीच्या तारेवर हा आवाज अधिक स्पष्ट येतो, कारण तिच्या वेढ्यांचे उंचवटे खाचेच्या कडेवर एकेक करून अडकतात. भिंगातून पाहिल्यास अशा खाचेच्या कडेला झिजलेल्या धातूची चमकती पूड दिसते. ही पूड दिसली की संशयाला जागा उरत नाही.

नटची दुरुस्ती

खाच ही तारेच्या जाडीपेक्षा किंचित रुंद आणि तळाशी गोल असावी, आणि खुंटीच्या बाजूला हलका उतार घेत गेलेली असावी. लॅप स्टीलवर तार पट्टीला टेकवायची नसते, त्यामुळे खाच खोल असण्याची काही गरज नाही. तारेची निम्मी जाडी आत बसली तरी पुरे. खोल खाचेच्या दोन्ही भिंती तारेला चिमटीत धरतात. अशा वेळी खाच आणखी कोरत न बसता नटची वरची कड कानशीने उतरवून भिंती कमी कराव्यात, आणि शेवटी जुन्या तारेच्या तुकड्याभोवती १००० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून खाच घोटून काढावी. वंगण म्हणून पेन्सिलीच्या शिशाची पूड चालते. तेल घालू नये. त्यात धूळ बसते आणि काही आठवड्यांत त्याची लुकण होते.

नटवरून खुंटीकडे जाताना तार जितकी तीव्र कोनात वाकते तितके घर्षण वाढते. काही वाद्यांत त्या तुकड्यावर दाब देणारी पट्टी असते. ती थोडी सैल करून पाहावी; तार नटवर नीट बसण्याइतका कोन राहिला आणि झणझण आली नाही, तर सैल केलेलेच बरे. यंत्रणा ब्रिजच्या टोकाला असेल तर आणखी एक खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे नटपाशी तार पकडून ठेवणारा लॉकिंग नट. मग नटमधून तार सरकतच नाही आणि त्या बाजूचा दोष मुळातून जातो. त्याची किंमत अशी की बारीक जुळणी ब्रिजवरच करता यायला हवी. लॉकिंग खुंट्या हा त्याला पर्याय नव्हे. त्या खुंटीवरचे वेढे घसरू देत नाहीत एवढेच. नटचे घर्षण त्यांनी कमी होत नाही.

व्हॅन शिप्ले किंवा एस. हजारा सिंग यांच्या विद्युत गिटारवर वाजलेल्या चित्रपटगीतांच्या धुना ज्यांच्या कानात आहेत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे पहिले वाद्य हे तारा उंच करून घेतलेली साधी गिटार असते. मूळ नटवर लोखंडी उंच नट ठेवायचा आणि तारांच्या ताणानेच तो जागेवर धरून ठेवायचा, अशी ती सोय असते. या वाद्याला लिव्हर बसवणार असाल तर तो उंच नट आधी बदलावा असे माझे स्पष्ट मत आहे. तारा ओढल्या-सोडल्या की तो स्वतःच केसभर डुलतो, त्यामुळे एकाच वेळी सगळ्या तारा चळतात आणि वर सांगितलेली एकही चाचणी निर्णायक ठरत नाही. मूळ नट काढून त्या जागी हाडाचा उंच नट घट्ट बसवून घ्यावा. सतार-तंबोऱ्याची कामे करणारा कोणताही चांगला कारागीर तो कोरून देऊ शकतो. त्याला फक्त एवढे सांगावे लागते की इथे जवारी (तार झणझणवणारा रुंद टेका) नको आहे, खाच गुळगुळीत आणि तारेचा टेका एकाच रेषेवर हवा आहे.

रोलर असलेले नट आणि सॅडल या दोषावर चांगला उपाय आहेत, पण रोलर फिरत असेल तरच. कोकण आणि मुंबईच्या पावसाळी हवेत रोलरच्या आसावर गंज धरतो आणि तो जागच्या जागी बसतो. मग त्या रोलरची अवस्था साध्या नटपेक्षा वाईट होते, कारण त्याच्या एकाच जागी तार घासून खड्डा पडतो. तार सैल करून रोलर टाचणीने फिरवून पाहावा. फिरत नसेल तर तो काढून रॉकेलमध्ये धुवावा, कोरडा करावा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब आसावर द्यावा. तेल नको हा वरचा नियम खाचेसाठी आहे. फिरणाऱ्या आसाला थेंबभर तेल लागतेच.

लिव्हर, स्प्रिंग आणि थांबा

लिव्हर बोटाने ढकलल्यावर स्वर उतरतो असे आढळले, तर स्प्रिंग तिला थांब्यापर्यंत नेत नाही. स्प्रिंग कमकुवत असेल, आस घट्ट असेल किंवा थांब्याच्या स्क्रूच्या टोकावर काही चिकटले असेल. आस मोकळा करणे हा पहिला प्रयत्न असावा आणि स्प्रिंग कडक करणे हा शेवटचा, कारण कडक स्प्रिंगने लिव्हर जड होते आणि तळहाताने सावकाश चढ घेण्याची मजा जाते. उलट दोषही असतो. आस बाजूला डुलत असेल तर लिव्हर प्रत्येक खेपेला थांब्याला वेगळ्या ठिकाणी टेकते आणि वर सांगितलेली कधी वर कधी खाली अशी चूक दिसते. अशा आसाला पितळी वॉशर घालून बाजूची हालचाल काढून टाकावी.

यानंतरच जुळणी, आणि तिचा क्रम यंत्रणेप्रमाणे ठरतो. साध्या लिव्हरमध्ये तार मोकळी असताना खुंटीवर मूळ स्वर लावावा, मग लिव्हर दाबून चढलेला स्वर प्रवासाच्या स्क्रूवर लावावा. एक्स्टेंडरसारख्या साधनातही आधी वरचा स्वर खुंटीवर आणि मग उतरलेला स्वर लिव्हरच्या स्क्रूवर असाच क्रम असतो. जुन्या पद्धतीच्या काही पेडल यंत्रणांत मात्र याच्या नेमके उलट करावे लागते. पेडल दाबून ठेवून चढलेला स्वर खुंटीवर लावायचा आणि पेडल सोडून मूळ स्वर ब्रिजकडच्या थांब्यावर लावायचा. अशा वाद्यावर सवयीने मोकळी तार आधी खुंटीवर लावली तर दोन्ही स्वर कधीच एकत्र जुळत नाहीत आणि यंत्रणा बिघडली आहे असे उगाच वाटते.

इतर तारा का उतरतात

कधी लिव्हरची तार व्यवस्थित परतते, पण ती दाबलेली असताना बाकीच्या तारा दोन-चार सेंट उतरतात. हे घर्षण नव्हे. दोन्ही लिव्हर दाबल्या की आपल्या वाद्यावर चार किलोंच्या आसपास जादा ताण येतो, लाकूड तेवढ्यापुरते वाकते, आणि ज्या तारांना कुणी ओढलेले नाही त्या सैल पडतात. ओळखण्याची खूण अशी की लिव्हर सोडताच त्या तारा ताबडतोब आणि पूर्णपणे मूळ जागी येतात. पोकळ किंवा पातळ देहाच्या वाद्यांत हे जास्त दिसते. १९३० च्या दशकातल्या रिकनबॅकर ‘फ्राइंग पॅन’सारख्या एकसंध धातूच्या वाद्यात ते कमी असावे हे रचनेवरूनच समजते. दोन-तीन सेंटांची उतरण सोडून द्यावी. त्याहून जास्त असेल तर ब्रिजची प्लेट लाकडात पक्की बसली आहे का, तिचे स्क्रू ढिले नाहीत ना, हे पाहावे. पुष्कळदा वाकणारी गोष्ट देह नसून प्लेट असते.

काटा शून्यावर, तरी कान नाखूश

सगळे यांत्रिक दोष काढल्यावरही लिव्हर दाबलेली कॉर्ड आंबट लागते, अशी एक तक्रार उरते. इथे दोष ट्यूनरवर ठेवलेल्या विश्वासाचा असतो. ट्यूनरचा शून्य समविभाजित (बारा सारख्या अर्ध्या स्वरांत वाटलेल्या) सप्तकाचा आहे आणि त्या सप्तकातला गंधार चढा असतो. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार ज्याने ऐकला आहे, त्याला हा फरक सांगावा लागत नाही. तो गंधार सा पासून ३८६ सेंटांवर असतो, तर ट्यूनरचा ४०० वर. लॅप स्टीलवर बारखाली तिन्ही स्वर एकदम आणि लांबवर घुमतात, त्यामुळे हा चौदा सेंटांचा फरक लपत नाही.

आपल्या वाद्यावर याचा अर्थ असा होतो. डी शून्यावर लावावा. मोकळा एफ शार्प १४ सेंट खाली लावावा. मोकळा ए हा पंचम आहे, तो दोन सेंट वर जातो. लिव्हरने येणारा जी हा मध्यम आहे, तो दोन सेंट खाली. आणि लिव्हरने येणारा बी, जो आता जी चा गंधार झाला आहे, तो डी च्या हिशेबाने १६ सेंट खाली यायला हवा. म्हणजे दुसऱ्या तारेच्या लिव्हरचा प्रवास दोनशे सेंटांचा नसून १८२ चा आहे, आणि तिसरीचा शंभराचा नसून ११२ चा. ज्यांनी दोन्ही थांबे ट्यूनरच्या शून्यावर लावलेले असतात त्यांची एक लिव्हर नेहमी जास्त आणि दुसरी नेहमी कमी ओढते. कीबोर्डबरोबर वाजवायचे असेल तर मध्यममार्ग म्हणून गंधार सात-आठ सेंट खाली ठेवता येतो. एकट्याने किंवा गायकाबरोबर वाजवताना मात्र मी पूर्ण १४ चाच आग्रह धरीन.

तारा बदलताना

तारांची जाडी बदलली की ताण बदलतो आणि लिव्हरची जुळणी बिघडू शकते. त्यामुळे एकदा जुळलेल्या वाद्यावर तारांचा संच बदलू नये, किंवा बदलल्यास सगळे थांबे नव्याने लावण्याची तयारी ठेवावी. खुंटीवर साध्या तारेचे दोन-तीन वेढे पुरेत; जास्त वेढे एकमेकांवर बसून घसरतात आणि नटच्या दोषासारखेच लक्षण दाखवतात. नवी तार लावल्यावर तिच्या टोकाच्या गोळीजवळचा पीळही काही काळ आवळत राहतो, म्हणून लिव्हर वीस-पंचवीस वेळा दाबून-सोडून मगच शेवटची जुळणी करावी. तार पुन्हा पुन्हा सॅडलवरच तुटत असेल तर ताणाला दोष न देता सॅडलची कड तपासावी. ओढल्या जाणाऱ्या तारेला तिथे रोज वाकावे लागते आणि धारदार कडेवर ती लवकर थकते.

शेवटी, यंत्रणेकडून किती मागावे याचाही विचार करावा. एका ट्यूनिंगमधल्या एक-दोन तारा अर्ध्या किंवा पूर्ण स्वराने हलवणे हे लिव्हरचे खरे काम आहे. सी सिक्स्थ ट्यूनिंगमधली (जाड तारेकडून सी, ई, जी, ए, सी, ई) सर्वांत जाड सी तार अर्धा स्वर चढवून तिथे ए सेव्हन्थची छटा आणणे, किंवा ओपन जी मध्ये बी चा सी आणि पहिल्या तारेच्या डी चा ई करून सी मेजर मिळवणे, हे बदल ती वर्षानुवर्षे बिनतक्रार करते. पण ओपन डी वरून थेट सी सिक्स्थवर जायचे असेल तर जवळपास प्रत्येक तार वेगवेगळ्या अंतराने हलवावी लागते. सहाही तारांचे प्रवास असे जुळवण्यात जो वेळ आणि पैसा जाईल, त्यापेक्षा सी सिक्स्थमध्ये लावलेले दुसरे साधे लॅप स्टील शेजारच्या स्टँडवर ठेवणे अधिक सोयीचे आहे, आणि लिव्हर त्या दोन-तीन तारांसाठीच ठेवाव्यात ज्यांचा चढ स्वर वाजत असताना ऐकू यायला हवा.